पक्कड खाली ठेवा

वायरमन मित्रांनो, आणि ज्यांच्या घरात, शेतात, गाळ्यात हे मित्र काम करतात त्या सगळ्यांनो,

उन्हाळा तोंडावर आलाय. आठ-पंधरा दिवसांत माळ्यावरचे कूलर खाली उतरतील, एसीचे हरवलेले रिमोट सापडतील, विहिरीवरच्या मोटारी रात्री-अपरात्री चालू होतील. थंडीभर निवांत पडलेल्या वायरींमधून एकदम दणकून करंट वाहायला लागेल. त्याआधी एक विनंती करायची आहे. थिंबल पक्कडीने चेपू नका. आधी चेपलेली असतील तर ती कापून फेका आणि रॅचेटच्या क्रिम्पिंग टूलने नवी मारा. पुढच्या महिन्यात नको, या आठवड्यात.

ज्यांना थिंबल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिझर, स्टार्टर, इन्व्हर्टर, मोटारीचा डबा, कुठलंही झाकण उघडा. वायरीच्या टोकाला लाल, निळी किंवा पिवळी टोपी घातलेलं, तांब्याचं पण वरून कल्हई केलेलं एक कडं दिसेल. ते स्क्रूखाली आवळलेलं असतं. कुणी त्याला लग म्हणतं, बाजारात थिंबल म्हटलं की दुकानदार काढून देतो. नग दोन-चार रुपयांचा. सगळी वीज त्याच्या नळीतून जाते. ती नळी वायरीवर नीट दाबली गेली आहे की नुसती चेपटली आहे, एवढ्याच प्रश्नासाठी हे सगळं लिहितोय.

मी भोसरीत कंट्रोल पॅनलचं वायरिंग करतो. एकतीस वर्षं झाली. गेल्या वर्षी एका पिठाच्या गिरणीतून बोलावणं आलं. दहा हॉर्सपॉवरची मोटार तिसऱ्यांदा जळाली होती. मालक म्हणाला, रिवाइंडिंगवाला चोर आहे. मी मोटारीचा डबा उघडला. तीन फेजची तीन थिंबलं. दोन चकचकीत, तिसरं निळसर-काळं पडलेलं, त्याची टोपी वितळून स्क्रूला चिकटलेली. मेन बंद करून, टेस्टर लावून मी ते नुसतं दोन बोटांत धरलं, तर वायर त्यातून म्यानातून सुरी निघावी तशी अलगद बाहेर आली. नळीवर पक्कडीच्या दातांचे आडवे ठसे अगदी स्पष्ट होते. एक फेज येत-जात होता आणि मोटार दोन फेजवर रडत-कढत चालून जळत होती. ओव्हरलोड रिले सारखा पडतो म्हणून आधीच्या माणसाने त्याचं सेटिंग वाढवून ठेवलं होतं. म्हणजे ओरडणाऱ्याचंच तोंड दाबलेलं. रिवाइंडिंगवाला बिचारा निर्दोष होता.

हा ठसा मी लगेच ओळखला, कारण तसे हजारो ठसे माझ्या हातचे आहेत. पहिली सहा वर्षं मीही पक्कडच वापरली. दोनदा दाबायचं, वायर जरा हलवून बघायची, वर टेप मारायची, पुढचं काम. टेपखाली सगळी पापं झाकली जातात. त्या सहा वर्षांत मी मारलेली थिंबलं आज कुठल्या कुठल्या भिंतीत, कुणाच्या डोक्यावर आहेत, मला सांगता येणार नाही. हे आवाहन लिहायला बसण्याचं खरं कारण तेच आहे.

आता घरमालकांनी जरा लक्ष द्यावं. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे चांगल्या कंपनीचा एमसीबी आहे, आरसीसीबी आहे, अर्थिंग आहे. काही झालं तर पडेलच की. इथेच घोटाळा आहे. एमसीबी करंट जास्त झाला की पडतो. आरसीसीबी करंट जमिनीत गळायला लागला की पडतो. ढिल्या थिंबलात या दोन्हींपैकी काहीच होत नाही. गिझर तेवढाच करंट घेतो, तेवढाच परत जातो, गळती शून्य. दोन्ही पहारेकरी जागे असतात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सांधा तापत राहतो.

हिशेब अगदी शाळेतला आहे. ३ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर घेतो. नीट मारलेल्या थिंबलाचा रोध एका मिलिओहमहूनही कमी असतो. तिथे उष्णता नावालाच. पक्कडीने चेपलेल्या, दोन पावसाळे खाल्लेल्या सांध्याचा रोध ०.१५ ओहमवर गेला असं धरा. करंटचा वर्ग गुणिले रोध. १३ गुणिले १३ गुणिले ०.१५, म्हणजे २५ वॅट. आमच्या टेबलावरचा छोटा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचाच असतो, आणि तो शिसं-कथलाचा सोल्डर पाण्यासारखा वितळवतो. तेवढीच उष्णता तुमच्या बाथरूमबाहेरच्या प्लास्टिकच्या डब्यात, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, बंद झाकणाआड. गिझरला मात्र फक्त दोनेक व्होल्ट कमी मिळतात. पाणी तापतंय, दिवा लागतोय, सगळं ठीकठाक.

घरातल्या साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतचं असतं. त्यावर ते कडक होतं, तडकतं. तापलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, तो थर वीज नीट वाहू देत नाही, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते, थर आणखी जाड होतो. गिझर बंद केला की सगळं गार होऊन आकसतं, सांधा आणखी सैल. रोज सकाळी एक फेरी. म्हणूनच अशी थिंबलं बसवल्याच्या दिवशी कधीच जळत नाहीत. दोन-तीन वर्षांनी जळतात, तोवर वायरमनचा नंबरही बदललेला असतो.

एक अपवाद सांगून ठेवतो, कारण त्यातून वेगळंच संकट उभं राहतं. ढिला सांधा थेट एमसीबीच्याच स्क्रूवर असेल, तर त्याच्या उष्णतेने एमसीबी अधूनमधून पडतो. लोक काय करतात? "वीसचा सारखा उडतोय, बत्तीसचा टाकून द्या." कृपा करून असं सांगू नका, आणि कुणी सांगितलं तरी वायरमनने ऐकू नये. आधी स्क्रू उघडून वायरीचं टोक बघा.

पक्कडीने का जमत नाही, हा प्रश्न नवशिकी पोरं विचारतात आणि तो रास्त आहे. दाबायचंच तर आहे. अडीचच्या, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरच्या, वायरीत ०.३ मिलिमीटर जाडीच्या साधारण ३६ तारा असतात. नळीत त्या नुसत्या कोंबल्या तर त्यांच्यामध्ये हवा असते, आणि हवा म्हटली की दमट हवा, धूळ, ऑक्साइड सगळं आलं. क्रिम्पचं काम इतका दाब देण्याचं, की गोल तारा आपला गोलपणा सोडून एकमेकींत आणि नळीत बसाव्यात, मधे हवेलाही वाट राहू नये. बरोबर मारलेलं थिंबल करवतीने आडवं कापून बघा. तारांच्या जागी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घट्ट नक्षी दिसते. पक्कडीने मारलेलं कापलं तर चपटी पुरी दिसते. वर-खाली दाबलेलं, दोन्ही कडांना पोकळी, आणि नळीचा जोड उघडून तारा बाहेर डोकावतायत. शिवाय तांबं थोडं उलट उसळतं. पक्कड सोडली की नळी केसभर सैल होते, आणि तो केसभरच नडतो.

दुसरी गोष्ट माणसाच्या हाताची. सकाळी दहाला मारलेलं पहिलं थिंबल आणि संध्याकाळी सातला शिडीवर उभं राहून मारलेलं शंभरावं, दोन्हींना सारखा दाब कसा बसणार? रॅचेट टूलचा शोधच या माणसासाठी आहे, असं मला वाटतं. कट-कट-कट करत ते दाबत जातं आणि ठरल्या जागेपर्यंत मिटल्याशिवाय जबडा उघडतच नाही. अर्धवट काम करून घरी जाऊ देत नाही. बिनसोल्डरची क्रिम्प टोकं १९४१ मध्ये अमेरिकेत एएमपी या कंपनीने विमानांसाठी आणि जहाजांसाठी बाजारात आणली, कारण तिथे एक सांधा सुटला तर खाली उतरून टेप मारता येत नाही. आज चाकणला गाड्यांचं वायर हार्नेस बनतं तिथे क्रिम्पची उंची मायक्रोमीटरने मोजतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. गाडीच्या हॉर्नच्या वायरीला एवढी कदर, आणि पोरं ज्या खोलीत झोपतात तिथल्या एसीच्या वायरीला पक्कड! हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास साधं रॅचेट टूल येतं. एका एसी फिटिंगची मजुरी.

आता ते वापरायचं कसं. हे नीट वाचा, कारण टूल घेऊनही चुकीचं मारणारे मी पक्कडवाल्यांइतकेच पाहिलेत.

समजा अडीचची वायर आहे आणि निळं रिंग थिंबल. रंगाचा अर्थ आधी पक्का करा. लाल दीडपर्यंतच्या वायरीला, निळं दीड ते अडीचला, पिवळं चार ते सहाला, सगळं चौरस मिलिमीटरमध्ये. कड्याचं भोक स्क्रूच्या मापाचं हवं. चार मिलिमीटरच्या स्क्रूला सहाचं कडं घातलं तर ते एका कडेवर टेकतं. मग वायर सोला. दाताने नाही, ब्लेड गोल फिरवून नाही, स्ट्रिपरच्या योग्य खाचेत. ब्लेडची खोच लागलेली तार पुढे तिथेच तुटते. किती सोलायची? थिंबलाच्या धातूच्या नळीची लांबी अधिक साधारण एक मिलिमीटर. नळीच्या पुढच्या तोंडातून तारांची टोकं जेमतेम डोकावली पाहिजेत, स्क्रूच्या खाली येण्याइतकी नाहीत. आणि मागे वायरीचं आवरण धातूच्या नळीत घुसता कामा नये. ही चूक सगळ्यांत जास्त होते, कारण रंगीत टोपीमुळे आत काय चाललंय ते दिसत नाही. क्रिम्प प्लास्टिकवर बसतो, हाताला घट्ट लागतो, वीज मात्र दोन-चार तारांच्या टोकांवरून जाते.

आता टूल. जबड्यात लाल, निळा, पिवळा ठिपका असलेल्या तीन खाचा असतात. निळं थिंबल निळ्यात. जबडा नीट बघा, प्रत्येक खाचेच्या दोन बाजू सारख्या नाहीत. एक बाजू जास्त दाबते, ती तांब्यासाठी. दुसरी जरा मोकळी, ती वायरीच्या आवरणाला नुसता आधार द्यायला, म्हणजे वायर हलली तरी ताण तारांच्या मुळाशी येत नाही. थिंबल उलटं घातलं तर आवरण चिरडतं आणि तांबं मोकळं राहतं. कड्याचा सपाट भाग जबड्याला समांतर ठेवा. एक-दोन कट दाबून थिंबल नुसतं पकडून ठेवा, तोवर नळी चेपू नका. मग वायर आत सरकवा, पुढून टोकं दिसतात का ते वाकून बघा, आणि आता एका दमात, टूल आपणहून सुटेपर्यंत. मधे थांबलात तरी चालेल, मधे सोडायचं मात्र नाही.

टूलच्या पोटात एक छोटी कळ असते, अडकलं तर सोडवण्यासाठी. काही कारागीर ती कळ रोजच्या कामाची समजतात. कट-कट दोनदा, कळ दाबली, सुटलं. कळ वापरून सोडवलेलं थिंबल कचऱ्यात जातं, वायरीवर नाही. आणि हँडलजवळ दातेरी चाक असतं ते दाब कमी-जास्त करायचं. हात दुखतो म्हणून ते ढिलं करून ठेवणारे आहेत. तुमच्या टूलला कुणी हात लावलाय का, ते आजच बघा.

आणि टूल सुटलं म्हणजे काम झालं, असंही नाही. निळं थिंबल पिवळ्या खाचेत घातलं तरी टूल अगदी खुशीत कट-कट करून सुटतं. त्याला माप कळत नाही, फक्त आपला प्रवास पूर्ण झाला एवढं कळतं. माप तुम्ही बघायचं. बिनटोपीच्या उघड्या थिंबलाला वेगळा जबडा लागतो, ज्यात एक दात नळीत खड्डा पाडतो. तिथे नळीचा जोड दाताच्या समोर ठेवू नका, उलट बाजूला, खोबणीत ठेवा, नाहीतर दात जोडच उघडतो. एमसीबीत घालायच्या बारीक पिनांना, ज्यांना आम्ही एंड स्लीव्ह म्हणतो, त्यांना चौकोनी किंवा षटकोनी दाबणारं तिसरंच टूल. त्यांचे रंगही निराळे. जर्मन पद्धतीत तिथे लाल म्हणजे एक, काळी म्हणजे दीड, निळी म्हणजे अडीच. थिंबलाच्या रंगाची सवय तिथे चालवू नका.

मारून झालं की ओढा. हाताने, वायर धरून, चांगलं हिसकून. आणि महिन्यातून एकदा, नवं टूल घेतलं की त्याच दिवशी, थिंबलाचं नवं पाकीट फोडलं की त्याच दिवशी, दोन-तीन नमुने मारून वजन लटकवून बघा. क्रिम्पसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात दीडच्या वायरीला १५० न्यूटन, अडीचला २३०, चारला ३१० असा किमान ताण दिला आहे. किलोत सांगायचं तर साधारण पंधरा, तेवीस, बत्तीस. ताणकाटा नसेल तर वीस लिटरचा पिण्याच्या पाण्याचा जार आहेच की. अडीचच्या वायरीवर मारलेलं निळं थिंबल हुकाला अडकवा आणि वायरीला भरलेला जार बांधा. तो निदान लटकून राहिलाच पाहिजे. पाय बाजूला ठेवा. नमुन्याचं थिंबल नंतर कामात वापरू नका.

आता काही सवयी, ज्या कष्टाळू माणसांच्याच असतात म्हणून बोलायला जड जातं. थिंबल मारण्याआधी तारांना सोल्डर लावून "पक्कं" करणं. सोल्डर मऊ असतो, दाबाखाली तो महिनोन्महिने हळूहळू सरकत राहतो आणि सांधा सैल होतो. अंतराळयानांसाठीच्या नासाच्या मानकातही क्रिम्पआधी तारांना सोल्डर लावायला मनाई आहे. थिंबल लहान पडतं म्हणून चार-पाच तारा कापून टाकणं. मोठं पडतं म्हणून वायर दुमडून भरणं. एका नळीत दोन वायरी कोंबणं. मोठ्या, पस्तीस-पन्नासच्या केबलचे लग छिन्नी-हातोडीने ठोकणं, त्याला तर हायड्रॉलिक टूल भाड्यानेही मिळतं. आणि ॲल्युमिनियमच्या केबलला तांब्याचं थिंबल लावणं. हे शेतात सर्रास आहे. सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची, स्टार्टरकडे तांबं. दोन धातू, मधे ओल, झाला गंज. तिथे दोन्ही धातूंचा जोड असलेला बायमेटॅलिक लग आणि ऑक्साइड रोखणारी पेस्ट लागते. नसेल तर काम थांबवून तालुक्याला जाऊन आणा. एक फेरी वाचवून मोटार जाळण्यात कसला आलाय शहाणपणा?

न्यूट्रलबद्दल वेगळं सांगतो, कारण फेज म्हटलं की सगळे जपतात आणि न्यूट्रलला कुणी विचारत नाही. मी राहतो त्या बिल्डिंगमध्ये चार वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी आधी बऱ्याच घरांतले पंखे एकदम जोरात फिरायला लागले. मजल्यावरची पोरं खूश. दोन मिनिटांत कुणाचा टीव्ही गेला, कुणाच्या फ्रिजमधून धूर, आमच्या शेजारच्या काकूंचा मिक्सर आवाज करून थंड. काही घरांत मात्र दिवे मिणमिणत होते. खाली मीटररूममध्ये मुख्य न्यूट्रलचा लग हातोडीने ठोकलेला होता, तो तापून तापून सुटला होता. तीन फेजवर वाटलेल्या घरांचा न्यूट्रल तुटला की ज्या फेजवर लोड कमी त्या घरांना २३० ऐवजी साडेतीनशे-पावणेचारशे व्होल्टही जाऊ शकतात. एक लग. नुकसान एकोणीस घरांचं. मी स्वतः पॅनलवाला, रोज त्याच मीटररूमपाशी स्कूटर लावायचो, आणि एकदाही आत डोकावलो नव्हतो.

आणि आता छतावर सोलर आलंय. पीएम सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, एक कोटी घरांचं उद्दिष्ट ठेवून. शेतात सौर पंप आहेत ते वेगळेच. चांगलंच आहे. पण पॅनलची वायर म्हणजे डीसी. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी पेटली तरी तिला विझायची संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. सहा पॅनल एकापुढे एक जोडले की अडीचशे-तीनशे व्होल्ट होतात आणि ऊन आहे तोवर ते बंद करता येत नाहीत. तिथे पॅनलच्या वायरी जोडणाऱ्या एमसीफोर कनेक्टरची पिन पक्कडीने चेपली तर जो आर्क पेटतो, तो वायर खात पुढे सरकतो. एमसीफोरच्या पिनेला तिच्याच आकाराचा जबडा लागतो, लाल-निळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं टूल तिथे चालत नाही. सोलर लावणाऱ्या भावांनो, काम घेतानाच ते टूल पेटीत घाला. आणि एका कंपनीची नर पिन, दुसरीचं मादी कनेक्टर असं जमवू नका. दिसायला सारखे असले तरी आतला स्पर्श सारखा नसतो.

म्हणून मागणी करतो, ज्याची त्याला.

घरमालकांनो, शेतकरी दादांनो, तुम्ही स्वतः झाकण उघडायला जाऊ नका. फक्त नाक, डोळे आणि हाताची पाठ वापरा. गिझरच्या स्विचमधून माशासारखा किंवा जळकट वास, पिवळी-तपकिरी पडलेली प्लेट, तास-अर्ध्या तासाने गरम लागणारा प्लग, मोठा लोड चालू केला की एखादाच दिवा मिणमिणणं, बोर्डातून बारीक चर-चर. यांतलं एकही दिसलं तर तो लोड बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. तो आला की विचारा, "दादा, थिंबल मारायचं टूल आणलंय का?" राग येईल त्याला. येऊ द्या. काम झाल्यावर टेप मारण्याआधी दाखवायला सांगा. आणि टूलवाल्याने शंभर-दोनशे जास्त मागितले तर घासाघीस करू नका. पक्कडवाला स्वस्त पडतो म्हणूनच पक्कड टिकून आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीची टोकं विसरू नका. १२ व्होल्टवर ६०० वॅटचा लोड म्हणजे पन्नासहून जास्त अँपिअर, घरातला सर्वांत मोठा करंट तिथेच असतो.

सोसायटीच्या कमिटीने लिफ्ट, पंप आणि मीटररूमच्या पॅनलची तपासणी उन्हाळ्याआधी करून घ्यावी. पूर्ण लोडवर थर्मल कॅमेरा फिरवला तर तिन्ही फेजमधला ढिला सांधा वेगळा लाल दिसतो, वायर न उघडताच कळतं. मीटरच्या आधीचा भाग सील केलेला असतो, तो महावितरणचा. तिथे काही दिसलं तर तक्रार करा, हात घालू नका.

हार्डवेअर-इलेक्ट्रिकलच्या दुकानदारांनो, थिंबल विकताना एक प्रश्न विचारा, कितीच्या वायरीला? सुट्या थिंबलांच्या बरणीत लाल-निळी एकत्र टाकू नका. शक्य असेल तर एक रॅचेट टूल तासाच्या भाड्याने ठेवा.

आयटीआयच्या सरांनो, वीजतंत्री आणि तारतंत्रीच्या पोरांना क्रिम्पिंग फळ्यावर शिकवू नका. प्रत्येकाकडून पन्नास मारून घ्या आणि पन्नास कापून दाखवा. चिरलेला काप एकदा बघितलेला पोरगा पुन्हा पक्कड उचलत नाही, हा माझा अनुभव आहे. माझ्याकडे आलेल्या पहिल्या हेल्परला मी तो चपट्या पुरीचा काप दाखवला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "उस्ताद, घरी मोटारीला मीच मारलंय." शनिवारी गावी जाऊन त्याने तिन्ही बदलली.

वायरमन भावांनो, तुमच्याशी शेवटी बोलतोय, कारण तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. "वीस वर्षं पक्कडीनेच मारतोय, एकही तक्रार नाही." तक्रार तुमच्यापर्यंत येत नाही. ती रिवाइंडिंगवाल्याकडे जाते, फ्रिजच्या मेकॅनिककडे जाते, आगीनंतर "शॉर्टसर्किट" अशा एका शब्दात बातमीत जाते.

माझ्या गाळ्याच्या दारात लोखंडी हुक आहे. खाली भरलेला पाण्याचा जार ठेवलाय. संध्याकाळी सहानंतर या, आपलं टूल आणा, आपली थिंबलं आणा, वाटलं तर पक्कडही आणा. वायरीचे तुकडे माझे. लटकवून बघू. चहा होईपर्यंत जार वरच राहिला, तर तुमचं टूल निदान पहिल्या परीक्षेत पास. खाली आला, तर माझं एक जास्तीचं टूल पेटीत पडून असतं, उन्हाळा संपेपर्यंत घेऊन जा.